गाईड निवडताना पेपरांची यादी कशी वाचावी? (खारघर-नेरुळ-कळवा पट्टा)

विटावा_खाडी

ठाणे-नवी मुंबईतून लाइफ सायन्स, बायोटेक, मायक्रो किंवा फार्मसी करून पीएच.डी.कडे वळणाऱ्यांसाठी हा धागा. मुलाखतीआधी गाईडचं पान उघडलं की सायटेशन (पेपर इतरांनी किती वेळा उद्धृत केला), एच-इंडेक्स आणि आय-टेन असे तीन आकडे दिसतात आणि तुलना तिथेच संपते. त्यातही एकाच माणसाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर एक आणि स्कोपस या वर्गणीच्या डेटाबेसवर दुसरा.

दोन प्रोफाइल उदाहरणाला घेऊ. नाव-संस्था देत नाही, आकडेही थोडे बदललेत. ‘क’: गूगल स्कॉलरवर १४८ नोंदी, एच-इंडेक्स ३४. ‘ख’: ४१ नोंदी, एच-इंडेक्स १५. दोघांचं काम तोंडाच्या कर्करोगावर. वरवर पाहता ‘क’ दुपटीहून मोठा. तो खरंच तसा आहे का, हे कसं तपासायचं?

सानपाडा_पूर्व

आधी हिशेब नीट समजून घेऊ, कारण मुलाखतीला बसणाऱ्यांनाही तो कधीकधी हाताने करता येत नाही.

एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि क्रमांक टाकत खाली यायचं. सायटेशन क्रमांकाइतके किंवा त्याहून जास्त असलेला शेवटचा क्रमांक म्हणजे एच. समजा ११ पेपर आहेत: ४८, ३३, २१, १४, ९, ८, ६, ५, ५, २, ०. सहाव्या पेपरला ८ सायटेशन, चालले. सातव्याला ६, म्हणजे थांबायचं. एच = ६. दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर ४, म्हणून आय-टेन = ४. हा आय-टेन गूगल स्कॉलरचाच, बाकी कुठे फारसा वापरत नाहीत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिल्या पेपरला ४८ ऐवजी ४८०० सायटेशन असते तरी एच ६च राहिला असता. आणि एच कधी कमी होत नाही. दहा वर्षं काही न लिहिता नुसतं बसलं तरी जुन्या पेपरांवर तो वाढत राहतो. म्हणून गूगल स्कॉलरवर ‘एकूण’च्या शेजारी गेल्या पाचेक वर्षांचा जो दुसरा रकाना असतो, तो आधी वाचा. त्याच आकड्यांच्या खाली वर्षावार सायटेशनचे खांब असतात. ते उतरणीला लागलेत का, हे एका नजरेत कळतं.

स्कॉलर आणि स्कोपसचे आकडे जुळणारच नाहीत. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले मसुदे), पुस्तकं, कॉन्फरन्सच्या स्मरणिका, पीडीएफ स्वरूपात जे सापडेल ते मोजतो. स्कोपस निवडक जर्नलांपुरता. प्रीप्रिंट स्कोपसच्या प्रोफाइलवर दिसले तरी आकड्यांत धरले जात नाहीत. दोन माणसांची तुलना करायची तर दोघांचं माप एकाच तराजूत हवं. स्कोपसचं लेखक-पान वर्गणी नसतानाही उघडतं आणि त्यावर एच-इंडेक्स दिसतो.

पारसिक_बोगदा

वरचा हिशेब बरोबर आहे, पण त्याच्याही आधीची पायरी राहिली. यादी त्याच माणसाची आहे का?

मराठी नावांचा इथे फार घोळ होतो. ‘पाटील एस’ किंवा ‘जोशी ए’ असं पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोधयंत्रावर टाकून बघा, अक्षरशः दादर स्टेशन. मधलं आद्याक्षर वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, कधी गाळलेलं. बायकांची आडनावं बदलतात आणि दहा वर्षांचं काम दोन प्रोफाइलमध्ये वाटलं जातं. ‘चौधरी’ हे आडनाव रोमन लिपीत निदान चार-पाच प्रकारे लिहितात. स्कोपस लेखकांचे आयडी यंत्राने बनवतो, त्यामुळे एका माणसाचे तीन आयडी किंवा तीन माणसांचा एक आयडी, दोन्ही होतं. गूगल स्कॉलरवर ‘नवे लेख आपोआप जोडा’ हा पर्याय चालू असेल तर दुसऱ्याच पाटलांचे पेपर येऊन बसतात. मालकाने ते काढलेच पाहिजेत असं बंधन नाही. प्रत्येक वेळी लबाडीच असते असंही नाही, पुष्कळांनी आपलं पान वर्षानुवर्षं उघडलेलंच नसतं.

ओळखायची खूण: विषय उडी मारतो. कर्करोगाच्या यादीत अचानक दातांच्या सिरॅमिकवर किंवा उसाच्या मळीवर पेपर दिसला तर थांबा आणि त्या पेपरवरचा पत्ता वाचा. ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतःचा कायमचा क्रमांक) असेल तर काम सोपं होतं. १६ अंकी असतो, शेवटच्या जागी कधी एक्स येतो, तो तपासणीचा अंक आहे. पण ही सोय २०१२ मध्ये सुरू झाली. जुने पेपर मालकाने स्वतः जोडले नसतील तर तिथे दिसणार नाहीत.

खारघर_टेकडी

पत्त्यावरून शोधणाऱ्यांसाठी आपल्या भागातली एक अडचण. खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग-संशोधन केंद्र) २००२ मध्ये इथे आलं. त्याआधी ती कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट होती, परळला. त्यामुळे ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या जुन्या पेपरांवर ‘परळ, बॉम्बे’ असतं, नव्यांवर ‘सेक्टर २२, खारघर, नवी मुंबई ४१०२१०’. शिवाय तिथली पीएच.डी. देणाऱ्या होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटचा पत्ता अणुशक्तीनगरचा, ४०००९४. कुणी तो आधी लिहितं, कुणी टाटा मेमोरियल सेंटर आधी. फक्त ‘नवी मुंबई’ टाकून शोधलं तर अर्धी यादी गायब.

पबमेडवर नावापुढे चौकोनी कंसात ‘एयू’ आणि पत्त्यापुढे ‘एडी’ हे टॅग रोमन अक्षरांत टाकतात. मेख अशी की मेडलाइन (पबमेडमागचा मुख्य डेटाबेस) २०१३ पर्यंत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता ठेवायची, सगळ्यांचे पत्ते २०१४ पासून. गाईड शेवटचा लेखक आणि पहिला लेखक दुसऱ्या संस्थेतला असेल, तर २०१४ आधीचा तो पेपर पत्त्याच्या शोधात सापडणारच नाही. नावाने वेगळा शोध घ्यावा लागतो. पूर्ण पहिलं नावही पबमेड २००२ पासूनच ठेवतं, त्याआधी नुसती आद्याक्षरं.

राबोडी_नाका

आणि ते ‘स्टॅनफर्डने जाहीर केलेल्या जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत ठाण्याचे अमुक अमुक’ अशा बातम्या? दर वर्षी गणपती उठले की फ्लेक्स लागतात.

पारसिक_बोगदा

@राबोडी_नाका, तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नाही. जॉन आयोनिडिस तिथले प्राध्यापक आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या डेटावर २०१९ पासून ही यादी काढायला सुरुवात केली. एक्सेल फाइल आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं. सहा मापांचा मिळून एक सी-स्कोअर बनतो: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार कमी केलेला एच, आणि एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने-किंवा-पहिला म्हणून लिहिलेल्या, एकट्याने-पहिला-किंवा-शेवटचा म्हणून लिहिलेल्या पेपरांचे सायटेशन. म्हणजे लेखकाच्या जागेला वजन दिलंय, ही त्यातली चांगली बाजू.

फ्लेक्सवर न येणाऱ्या दोन गोष्टी. एक, याद्या दोन असतात: आख्ख्या कारकिर्दीची आणि एका वर्षाची. एका वर्षाच्या यादीत येणं बरंच सोपं. दोन, स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशनचं प्रमाण वेगळ्या रकान्यात असतं आणि २०२४ च्या आवृत्तीपासून मागे घेतलेल्या पेपरांचीही नोंद आहे. नाव आहे की नाही एवढंच न बघता ते दोन रकाने उघडा. आणि २ टक्के म्हणजे त्या उपविषयातले, एकूण १७४ उपविषय आहेत.

वाशी_खाडीपूल

आता इम्पॅक्ट फॅक्टरचं बघू, कारण यादीत प्रत्येक पेपरपुढे कंसात आय.एफ. लिहायची आपल्याकडे खोडच आहे. तो जर्नलचा आकडा, पेपरचा किंवा माणसाचा नाही. चालू वर्षी जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या मजकुराला मिळालेले सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन-लेख आणि रिव्ह्यू. संपादकीयं आणि पत्रं भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेले सायटेशन भाज्यात येतात. वर बसलेल्याचं तिकीट नाही, पण भाडं मात्र मोजलं जातं, असा प्रकार.

सरासरी किती फसवी असते याचं ठळक उदाहरण म्हणजे ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए. २००८ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१, २००९ चा थेट ४९.९२६. कारण एकच लेख, जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलेक्स या स्फटिक-संरचनेच्या सॉफ्टवेअरवरचा. प्रत्येक वापरकर्ता तोच उद्धृत करत होता. त्या वर्षी त्या जर्नलात छापून आलेल्या बाकीच्यांनीही अर्ज भरताना ४९ लिहिलं असणार. कर्करोगात ‘सीए’ या जर्नलचा २०२२ चा आकडा २५४.७ होता. त्यात दर वर्षी येणारी कर्करोगाची आकडेवारी जगातला प्रत्येक जण प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्याला उद्धृत करतो. बहुतेक जर्नलांत बहुतांश लेखांना इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमीच सायटेशन मिळतात, काही थोडे लेख सगळं ओढून नेतात.

एक तारतम्य ठेवा. २०२३ पासून इम्पॅक्ट फॅक्टर एकाच दशांश स्थळापर्यंत देतात. त्यानंतरच्या आकड्यावर कुणी ३.८७२ असं लिहिलं असेल तर ते कुठून आणलं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

सीवूड्स_ब्रिज

कळवा, कामोठे, नेरुळच्या मेडिकल कॉलेजांच्या संदर्भात ‘पबमेड इंडेक्स्ड’ हा शब्द सर्रास चालतो. त्याचा खुलासा कुणी करेल का?

वाशी_खाडीपूल

पबमेड हे शोधयंत्र आहे. त्याच्या पोटात मेडलाइन आहे, ज्यात जर्नल तज्ज्ञ समितीकडून पारखून घेतात. त्याशिवाय पीएमसी, म्हणजे पूर्ण लेखांचं भांडार. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशातून झालेल्या कामाचा मसुदा लेखक स्वतः पीएमसीत टाकतो आणि तो पबमेडवर दिसतो, जर्नल कुठेही नोंदलेलं नसलं तरी. म्हणून ‘माझा पेपर पबमेडवर दिसतो’ याचा अर्थ ‘जर्नल मेडलाइनमध्ये आहे’ असा होत नाही. पबमेड चालवणाऱ्या ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि सध्याची नोंद-स्थिती वाचा. ‘मेडलाइनमध्ये सध्या नोंद’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. जर्नलच्या स्वतःच्या पानावरची चिन्हं पुरावा नव्हेत.

मेडिकल कॉलेजात बढतीसाठी २०२२ च्या एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नियमांत मेडलाइन, पीएमसी, स्कोपस, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, डीओएजे अशा नोंदी चालत आणि लेखक पहिल्या तिघांत किंवा कॉरस्पॉन्डिंग (पेपरबद्दलचा पत्रव्यवहार बघणारा) असावा लागे. २०२५ मध्ये नवे नियम आले, तेव्हा चालू राजपत्र समोर ठेवा. या ‘पहिल्या तिघां’चा परिणाम याद्यांवर दिसतो. चौथ्या क्रमांकाला कुणी तयार नसतं आणि एका केस रिपोर्टवर बरोब्बर तीन नावं येतात. यूजीसीची मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्यानंतरच्या पेपरपुढे ‘यूजीसी केअर’ लिहिण्याला काही अर्थ नाही.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नलांमधले ८ हजारांहून जास्त लेख मागे घेतले गेले, त्यातले बहुतेक ‘विशेषांकां’तले. यादीत विशेषांकच विशेषांक असतील तर एकेक डीओआय (पेपरचा कायमचा क्रमांक) रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांच्या डेटाबेसमध्ये टाकून बघा. तो २०२३ पासून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफने सगळ्यांना खुला केलाय. स्कोपसने जर्नल काढून टाकलं तरी आधीचे लेख साधारणपणे तसेच राहतात. म्हणून ‘स्कोपसमध्ये दिसतं’ हे जर्नल आजही तिथे असल्याचा पुरावा नाही. स्कोपसच्या स्रोत-यादीत बंद केलेल्यांचं वेगळं पान आहे.

सानपाडा_पूर्व

आता मूळ ‘क’ आणि ‘ख’. लेखकाची जागा बघितल्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही. बायोमेडिकलमध्ये पहिला लेखक म्हणजे हाताने काम करणारा, बहुधा विद्यार्थी. शेवटचा म्हणजे ज्याची लॅब, ज्याचा निधी. मधले लोक नमुने देणारे, आकडेमोड करणारे, कधी नुसतेच विभागप्रमुख. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नल-संपादकांच्या समितीच्या लेखकपणाच्या चार अटींत (कामात वाटा, लिखाणात वाटा, अंतिम संमती, जबाबदारी) नुसतं खुर्चीवर असणं बसत नाही, पण नावं बसतात.

सगळ्यात मोठा फुगवटा बहुकेंद्री अभ्यासांचा. शेकडो लेखकांचा रोगभार-अंदाजाचा एक पेपर हजारोंनी सायटेशन आणतो आणि प्रत्येक लेखकाच्या प्रोफाइलवर ते पूर्णच्या पूर्ण चढतात. दुसरा फुगवटा रिव्ह्यू लेखांचा. तिसरा पद्धतींचा. प्रथिनं मोजायची लॉरीची १९५१ ची पद्धत हा २०१४ च्या मोजणीत जगातला सगळ्यात जास्त उद्धृत पेपर होता, ३ लाखांच्या वर. लॉरींनी खूप मोठा शोध लावला म्हणून नव्हे, तर प्रत्येक लॅबला प्रथिनं मोजावीच लागतात म्हणून.

करायचं असं:

पबमेडवर शोध नक्की केला की ‘सेव्ह’मधून सीएसव्ही घ्या. त्यात पीएमआयडी (पेपरचा पबमेड क्रमांक), शीर्षक, सगळे लेखक, पहिला लेखक वेगळा, जर्नल, वर्ष, डीओआय येतात. शेवटचा लेखक वेगळा येत नाही. लेखकांच्या रकान्यातलं शेवटच्या स्वल्पविरामानंतरचं नाव सूत्राने काढा. मग पीएमआयडींचा रकाना एनआयएचच्या आयसाइट या संकेतस्थळावर चिकटवा, फुकट आहे. प्रत्येक पेपरचे सायटेशन आणि आरसीआर मिळतो. आरसीआर म्हणजे त्या पेपरसोबत जे पेपर उद्धृत होतात त्यांच्या क्षेत्राशी केलेली तुलना. एनआयएचच्या निधीतल्या पेपरांचा मध्यक १.० धरलाय. त्यामुळे २०१२ चा आणि २०२२ चा, इम्युनॉलॉजीचा आणि दंतशास्त्राचा पेपर निदान शेजारी ठेवता येतात. आयसाइटचे सायटेशन स्कॉलरपेक्षा कमी दिसतील, घाबरू नका, ते पबमेडच्या कक्षेतलेच मोजतं. नव्या पेपरांचा आरसीआर फार मनावर घेऊ नका, चार-पाच सायटेशनवर तो उड्या मारतो.

कॉरस्पॉन्डिंग ऑथर मात्र सीएसव्हीत नाही. त्यासाठी पेपर उघडावा लागतो. इलाज नाही.

खारघर_टेकडी

आयसाइटच्या तक्त्यात आणखी एक रकाना आहे जो कुणी बघत नाही: किती क्लिनिकल लेखांनी हा पेपर उद्धृत केला. मूलभूत काम रुग्णापर्यंत सरकतंय का, याचा थोडा अंदाज त्यातून येतो.

सायटेशनच्या पलीकडचा परिणाम बघायचा तर टाटाचंच उदाहरण आहे. तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ लागत नसताना मानेच्या लसिका-ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसल्यावर, हा जुना वाद. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांची चाचणी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली. आधी काढलेल्या गटात ३ वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात, वाट बघितलेल्या गटात ६७.५ टक्के. सायटेशन कमी असते तरी ऑपरेशनच्या टेबलावरचा निर्णय बदलण्याचं मोल घटलं नसतं. अशा कामाची दखल उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत शोधायची असते, तिथल्या संदर्भयाद्या एच-इंडेक्सवाले उघडतच नाहीत.

विटावा_खाडी

सांगितल्याप्रमाणे मोजलं. निकाल मांडतो.

‘क’: १४८ नोंदींपैकी ३९ त्याच आद्याक्षरांच्या दुसऱ्याच माणसाच्या निघाल्या, कृत्रिम दातांवरच्या. १७ कॉन्फरन्स गोषवारे आणि दुबार नोंदी. उरले ९२, एच-इंडेक्स २६. त्यात पहिला लेखक ९, शेवटचा किंवा कॉरस्पॉन्डिंग २३, मधला ६०. या ६० पैकी ११ पेपर पन्नासपेक्षा जास्त लेखकांचे. फक्त पहिल्या-शेवटच्या जागेवरचे ३२ धरले तर एच १२.

‘ख’: ४१ मधून ३ गोषवारे गेले. ३८ पैकी पहिला १०, शेवटचा किंवा कॉरस्पॉन्डिंग २१, मधला ७. एच १५च राहिला, आणि पहिल्या-शेवटच्या ३१ पेपरांवर १३.

म्हणजे दोघं जवळपास एकाच पातळीवर. मग ‘ख’ बरा म्हणायचा का?

पारसिक_बोगदा

घाई नको. पीएच.डी.साठी मोजायची गोष्ट वेगळीच आहे. गेल्या सहा वर्षांतले, गाईड शेवटचा असलेले पेपर घ्या आणि पहिले लेखक किती वेगवेगळे आहेत ते मोजा. मग शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात गाईडच्या नावाने प्रबंध शोधा आणि तीच नावं जुळवा. प्रबंध आहे पण पहिल्या लेखकाचा पेपर नाही अशी किती मुलं, आणि नोंदणीपासून पेपरपर्यंत किती वर्षं, हे दोन्ही तिथे उघड होतं. प्रबंध उशिरा चढवले जातात, तेव्हा अगदी ताज्या बॅचवरून निष्कर्ष काढू नका. दोन पहिल्या लेखकांपुढे ‘समान वाटा’ची फुली असेल तर दोघांनाही मोजा.

विटावा_खाडी

‘क’: असे ५ पेपर, पहिले लेखक ४ वेगवेगळे, चौघांचेही प्रबंध सापडले. ‘ख’: १२ पेपर, पण त्यातले ७ एकाच नावाचे. त्या नावाचा प्रबंध दुसऱ्याच विद्यापीठातला, आठ वर्षांपूर्वीचा.

सानपाडा_पूर्व

म्हणजे पोस्टडॉक किंवा प्रकल्प-शास्त्रज्ञ. ‘ख’ची लॅब त्या एका हातावर चालते आहे. उरलेल्या ५ पेपरांचे पहिले लेखक कोण, ते बघा. आणि तो माणूस अजून तिथे आहे का, हे त्याच्या सगळ्यात ताज्या पेपरवरच्या पत्त्यावरून कळेल. कधी नव्या पत्त्याची तळटीप असते, ती बारीक अक्षरात शेवटी दडलेली असते.

खारघर_टेकडी

आणि दोघांच्याही गेल्या दोन वर्षांच्या पेपरांत शेवटी निधीचा परिच्छेद वाचा. निधी कुणाचा, मंजुरीचा क्रमांक काय. क्रमांकात बहुधा वर्ष असतं. आयसीएमआर वगैरेंचे छोटे प्रकल्प साधारण तीन वर्षांचे असतात. २०२० चाच क्रमांक अजून फिरत असेल आणि नवा एकही नसेल, तर पुढच्या पाच वर्षांत रसायनं कुठल्या पैशातून येणार, हे मुलाखतीत विचारायला हरकत नाही. सभ्यपणे विचारलं तर कुणी रागावत नाही.

विटावा_खाडी

‘क’कडे गेल्या वर्षीचे दोन नवे क्रमांक आहेत. ‘ख’चे पेपर उघडतोय, चार झाले, आठ बाकी.